पशुपालकांची तातडीची मदत आणि तिची जाहीर यादी

जनावर दगावल्यावर सरकार जी रक्कम देते, ती दावणीला पुन्हा एखादे जनावर बांधता यावे एवढ्यापुरतीच असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये ठरले आहेत. तेही एका कुटुंबामागे मोठी दुभती तीन किंवा लहान तीस जनावरे, इतक्याच मर्यादेत. मध्य प्रदेशात अशी मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार वाटली जाते. महाराष्ट्रात त्यासाठी शासन निर्णय निघतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात जनावरांचा लम्पी त्वचारोग आढळला आणि बघता बघता राज्यभर पसरला. मदत ठरली गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये. ती मिळण्याचा सगळा आधार म्हणजे पंचनामा. पशुवैद्यक येऊन मृत्यूचे कारण नोंदवतो, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक उतरवून घेतो, पंच सह्या करतात आणि मग चुना टाकून जनावर पुरले जाते. खड्डा बुजल्यावर तपासायला उरतो तो फक्त कागद. म्हणूनच तो कागद गावाला दिसणे अत्यावश्यक आहे. कोणाच्या गोठ्यात काय होते, हे शेजाऱ्याइतके कोणत्याही लेखापरीक्षकाला ठाऊक नसते.

चारा छावण्यांनी हे दाखवून दिले. छावणीचालकाला जनावरामागे रोजचे पैसे मिळतात, त्यामुळे हजेरीपटावर जनावरे फुगवण्याचा मोह मोठा. २०१२-१३ च्या दुष्काळातील छावण्यांचे गैरव्यवहार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ मध्ये जनावरांना बारकोडचे बिल्ले आले. ही सुधारणा खरीच. पण ती नोंद अधिकाऱ्याच्या पडद्यावर राहिली, तर गावकऱ्याला तिचा उपयोग नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान कार्यक्रमांच्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने याच अधिनियमाच्या कलम ८ मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. युरोपातही हा पेच पडला होता. तिथल्या न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करण्याचे नियम रद्द केले. २०१३ मध्ये नवे नियम आले, त्यांत नावे पुन्हा आली, पण छोट्या रकमा घेणाऱ्यांना वगळण्यात आले. आपल्याकडे मात्र छोटी रक्कम वगळली तर यादीत कोणीच उरणार नाही. नाव, गाव, जनावराचा प्रकार, बिल्ल्याचा क्रमांक, रक्कम आणि पंचनाम्याची तारीख उघड असावी. आधार आणि बँक खात्याचा क्रमांक झाकलेला असावा.

यादी कुठे आणि केव्हा लागते, हेही तितकेच महत्त्वाचे. पैसे वाटून झाल्यावर संकेतस्थळावर चढवलेल्या यादीने सुटलेल्या माणसाचे काही भले होत नाही. डिसेंबर २०२१ च्या अवकाळी पावसात आणि थंडीत पुणे व नगर जिल्ह्यांत मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. मेंढपाळ असा काळ बहुधा परक्या तालुक्यात काढतो. पंचनामा तिथे होतो आणि त्याचे घर, रेशनकार्ड, बँक दुसरीकडे असते. त्याचे नाव गळले तर ते कळायला यादी दोन्ही गावांच्या ग्रामपंचायतीत लागायला हवी, रक्कम मंजूर होण्याआधी, आणि तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवसांत करायची हे तिच्याखालीच लिहिलेले हवे.