एकाच सालची पोर्ट



शाळेच्या कार्यक्रमात वाइनवर बोलतेय. बाई, रागावू नका!

आपली दहावी १९९४ची. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली त्याच सालची पोर्ट दोन तऱ्हांची मिळते. ‘व्हिंटेज’ दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात. पुढे ती तिथेच मुरते, तळाशी गाळ साचतो. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, दोन-तीन दिवसांत संपवा.

‘कोल्येइता’ म्हणजे सुगी. ती किमान सात वर्षं लाकडी पिंपात मुरते. थोडी गार करून लहान पेल्यात द्या. उघडल्यावरही काही आठवडे टिकते. लेबलवर बाटलीत भरल्याचं सालही पाहा. जितकी उशिरा भरली, तितकी पिंपात जास्त मुरलेली.

आपणही एकाच सालचे. कोण कुठे, किती मुरलं, हे आज एकमेकांना निवांत विचारू या.