जुन्या जहाजावरची छोटी सफर

दिल्लीतील रामकृष्ण पुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत असून, ईस्ट ब्लॉक आणि वेस्ट ब्लॉकमधील कचेऱ्या, सेक्टरवार मांडलेली क्वार्टर्स आणि सेक्टर सातजवळच्या टेकडीवरचे मलाई मंदिर ही तिची ओळख आहे. बदलीवर दिल्लीला आलेली आणि निवृत्तीनंतरही येथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबे सुटीचा बेत आखतात तेव्हा त्यांची नजर बहुधा हरिद्वार, मसुरी किंवा वैष्णोदेवीकडे वळते. मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे 1,400 किलोमीटरवर आहे, आणि ज्या प्रवासात जहाज हेच वाहन, हेच हॉटेल आणि बऱ्याच अंशी हेच मुक्कामाचे ठिकाण असते तो क्रूझ नावाचा प्रकार तर धनिकांची चैन आहे, अशी समजूत रूढ आहे. साठी ओलांडलेल्या जोडप्याला दोन-तीन रात्रींची, बेताच्या खर्चाची सफर हवी असेल, तर ही समजूत बाजूला ठेवून जुन्या जहाजांचा विचार अवश्य करावा.

जुने जहाज स्वस्त का पडते, याचे उत्तर त्याच्या भांडवली किमतीत आहे. नव्या महाकाय जहाजाची किंमत एक अब्ज डॉलरच्या पुढे जाते आणि ती रक्कम व्याजासह वसूल करायची म्हणजे प्रत्येक केबिनमागे दर रात्री मोठा आकार लावावा लागतो. उलट तीस वर्षे चाललेल्या जहाजाची किंमत पहिल्या मालकाने केव्हाच वसूल केलेली असल्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाला ते तुलनेने अल्प किमतीत मिळते. मुंबईहून 2021च्या सप्टेंबरपासून सफरी करू लागलेले कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज या हिशेबाचे ठळक उदाहरण आहे. फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधलेले हे जहाज 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आले आणि फ्लोरिडाहून बहामा बेटांच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठीच त्याची रचना झाली होती. त्याचे सकल टनेज सुमारे 48,500 आहे. सकल टनेज हे जहाजाचे वजन नसून त्याच्या बंदिस्त पोटातील एकूण जागेचे माप असते, आणि आजच्या सर्वांत मोठ्या जहाजांच्या बाबतीत हा आकडा ‘एम्प्रेस’च्या पाचपट भरतो. थोडक्या दिवसांच्या प्रवाशाला हे लहान आकारमान सोयीचेच असते, कारण जहाज ओळखीचे होण्यातच सुटी संपून जात नाही.

जहाजाच्या वयाइतकाच प्रवाशांच्या वयाच्या अटीचा प्रश्नही निवांतपणा शोधणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये काही जहाजांवर अठरा वर्षांखालील प्रवाशांना प्रवेशच नसतो. पी अँड ओ कंपनीचे ‘आर्केडिया’ हे त्यांपैकी प्रसिद्ध जहाज, तर सागा कंपनीच्या सफरी पन्नाशी गाठलेल्यांसाठी आखलेल्या असतात. लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून 2022 पासून निघणारे ‘अँबियन्स’ हे जहाजही, मुलांना खुल्या असलेल्या काही मोजक्या सफरी वगळता, केवळ प्रौढांचे आहे. लंडनमध्ये मराठी माणसांची वस्तीही जुनी आहे; महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून तिकडे रुजत गेलेल्या मराठी समाजातील निवृत्त मंडळींना विमानतळाची दगदग टाळून घराजवळच्या धक्क्यावरून निघता येते, हा या सफरींचा मोठा गुण होय.

या ‘अँबियन्स’चे मुंबईशी जवळचे नाते आहे. इटलीतील मोनफाल्कोने येथे बांधलेले हे जहाज 1991 मध्ये ‘रीगल प्रिन्सेस’ म्हणून सेवेत आले आणि वास्तुविशारद रेंझो पियानो यांच्या कल्पनेतून त्याच्या माथ्याला डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलवा मिळाला. त्याचे एका वर्षाने थोरले, त्याच आराखड्याचे भावंड ‘क्राउन प्रिन्सेस’ अनेक मालक आणि अनेक नावे बदलत 2019 मध्ये ‘कर्णिका’ या नावाने मुंबईत दाखल झाले, जलेश कंपनीच्या मुंबई-गोवा सफरींवर धावले आणि महामारीत कंपनी बंद पडल्यावर 2020च्या अखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी गेले. एकाच कारखान्यातील दोन जहाजांपैकी एक भंगारात निघते आणि दुसरे आजही प्रवाशांनी भरून सुटते, यावरून वयापेक्षा देखभाल आणि मालकाची आर्थिक ताकद अधिक निर्णायक ठरते, हे उघड आहे.

सुरक्षिततेविषयीची शंका रास्त असली तरी तिचे उत्तर नियमांत सापडते. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र एका वर्षापुरतेच असते आणि दर वर्षी नव्याने तपासणी होते; शिवाय 1 ऑक्टोबर 2010 पासून ज्वलनशील साहित्याने सजवलेल्या फार जुन्या जहाजांना एक तर नूतनीकरण करणे किंवा सेवेतून निवृत्त होणे भाग पडले. म्हणून तिकीट काढताना जहाज कोणत्या साली बांधले एवढेच न विचारता, ते अलीकडे सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून तळ उघडा करणाऱ्या दुरुस्तीच्या जागी, केव्हा गेले होते, हे विचारणे अधिक शहाणपणाचे. प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थान होताच घेतल्या जाणाऱ्या आणीबाणीच्या कवायतीला कोणीही दांडी मारू नये.

जुन्या जहाजाच्या उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. बाल्कनी असलेल्या केबिन थोड्या असतात. बहुतेक खोल्यांना खिडकी असते किंवा काहीच नसते, आणि बिनखिडकीच्या आतल्या केबिनमध्ये दिवा मालवल्यावर सकाळ झाली की नाही हे घड्याळ पाहूनच कळते. न्हाणीघराच्या दाराशी चार-सहा बोटे उंचीचा उंबरा असतो, तो गुडघेदुखीच्या माणसाने रात्री उठताना विशेष सांभाळावा. मागच्या टोकाच्या खालच्या मजल्यांवर जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर जाणवते, तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूला हेलकावे सर्वांत कमी बसतात; म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी उंचावरच्या महागड्या केबिनऐवजी मधल्या स्वस्त केबिनचाच आग्रह धरावा. येथे काटकसर आणि सुख एकाच दिशेला आहेत.

भाड्याचा जाहिरातीतील आकडा साधारणपणे एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून दिलेला माणशी आकडा असतो. एकट्या प्रवाशाला जादा आकार पडतो. बंदरशुल्क, कर आणि सेवाशुल्क त्यात धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे. मुख्य भोजनगृहातील जेवण भाड्यात असते, मद्य आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा नसतात. सरकारी कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एलटीसीत, म्हणजे रजा प्रवास सवलतीत, प्रवासभाड्याची भरपाई मिळते; अंदमानला जाणाऱ्या शिपिंग कॉर्पोरेशनच्या बोटींसाठी वेतनस्तराप्रमाणे डीलक्सपासून बंकपर्यंतचे वर्ग ठरलेले आहेत, पण त्याच बंदरात परतणारी करमणुकीची सफर त्या चौकटीत बसेल असे गृहीत धरू नये, आधी प्रशासन शाखेकडून लेखी उत्तर घ्यावे.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर मुलांना मज्जाव नसल्यामुळे निवांतपणा दिनदर्शिकेतूनच मिळवावा लागतो. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी वगळून, शाळा चालू असताना आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत सुटणारी सफर निवडली, तर तरणतलावाभोवती गलबला कमी असतो आणि भाडेही बहुधा उतरलेले असते. गोव्याची फेरी मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते, त्यामुळे चढउतार सोपी. लक्षद्वीपच्या फेरीत मात्र जहाज खोल पाण्यात राहते आणि हलत्या लहान होडीत पाऊल टाकून बेटावर जावे लागते, तेव्हा तोल न सांभाळणाऱ्याने गोवाच पत्करावा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून त्या काळात मुंबईची सफर धरू नये. 2023च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ने चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरी सुरू केल्या त्या याच ऋतूत.

दिल्लीकरांच्या दृष्टीने फेब्रुवारी सर्वांत सोयीचा, कारण डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. हजरत निजामुद्दीनहून संध्याकाळी सुटणारी ऑगस्ट क्रांती राजधानी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचते. तरीही सफरीच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी, रात्री नातलगांकडे किंवा जहाज जिथून सुटते त्या बॅलार्ड पिअरच्या आसपास मुक्काम करावा आणि रोजची औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण धक्क्यावर सोपवलेली बॅग केबिनच्या दाराशी येईपर्यंत कित्येक तास जाऊ शकतात.