ओढ्यातला चतुर आणि शेतातले औषध



लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवले नाही, असा माणूस आपल्या कऱ्हाड-मलकापूर भागात विरळाच. मीही तो उद्योग केला आहे, कबूल करतो. पण या चतुराचे स्वतःचे बालपण कुठे जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते जाते पाण्यात. अंड्यातून निघालेले पिल्लू कित्येक महिने, काही जातींत वर्षाहूनही अधिक काळ, ओढ्याच्या तळाशी राहते. रंग चिखलाचा, पंख नाहीत, आणि भूक मात्र राक्षसी! डासांच्या अळ्या तर ते मिटक्या मारीत खाते.

आता शेताकडे वळू. कीटकनाशकाला आपण सहज ‘औषध’ म्हणतो. पिकाला ते औषध. बाकी सगळ्यांना विषच. ते मुळीच मारू नका, असे मी म्हणत नाही. हुमणीने वाळलेला ऊस ज्याने पाहिला, त्याला मी काय उपदेश करणार? पण थोडा हिशेब करून पाहा.

मावा-तुडतुड्यांवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड घ्या. हे पाण्यात सहज विरघळते. पंधरा लिटरच्या पंपात पाच मिलिलिटर घातले, तर त्यात अस्सल विष असते सुमारे एक ग्रॅम. ओढ्यात दगडाखाली शेपटीला दोन-तीन केस असलेली नाजूक पिल्ले असतात. मोठेपणी ती एखाददुसरा दिवस उडतात आणि संपतात. मासे यांच्यावर पोसतात. दहा लाख लिटर पाण्यात हे विष एक ग्रॅम असले आणि ते पाणी महिनाभर तसेच राहिले, तरी या पिल्लांचा निभाव लागत नाही. दहा लाख लिटर म्हणजे तेहतीस फूट रुंद विहिरीत चाळीस फूट पाणी! म्हणजे फवारणीनंतर पंपात उरलेले अर्धा लिटर ओढ्यात विसळले, तर वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि तीन फूट खोल असा साचलेला डोह त्यांना पुरेसा घातक होतो.

यात गंमत अशी, की डासही मरतात. पण ते आठ-दहा दिवसांत नवी पिढी उभी करतात. चतुराला महिने लागतात. तेवढ्यात डासांना रान मोकळे. माणूस म्हणतो, यंदा डास फार झाले बुवा!

कायदा आपल्या परीने चालतो. एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. उसात टाकले जाणारे फोरेट २०२० अखेर बंद झाले. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली थांबवला. आपल्याकडे ते चालू आहे. तेव्हा निदान पंप विसळलेले पाणी पिकावरच फवारा. ओढ्याकडेच्या चार सऱ्या फवारणीतून सोडा. आभाळ भरून आले असेल, तर त्या दिवशी पंप उचलूच नका.

शिक्षक मंडळींना एक विनंती. दिवाळीनंतर पाणी निवळले, की मुलांना जवळच्या ओढ्यावर न्या. आजूबाजूला ताजी फवारणी नाही ना, एवढे आधी विचारून घ्या. दहा दगड उलटायचे, खालची पिल्ले पांढऱ्या थाळीत पाण्यात घेऊन मोजायची, वहीत तारीख घालायची. पुढच्या वर्षी तोच ओढा, तोच महिना. मोजून झाले, की पिल्ले अलगद पाण्यात सोडायची आणि दगड होते तसे ठेवायचे.