शिष्यपण कधी पुरे होत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला ‘शिकणे’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी ख्रिस्ती, आपणांपैकी पुष्कळजणी हिंदू. परंतु सप्टेंबरात मोत मावलीच्या जत्रेला आपण साऱ्याजणी वांद्र्याची टेकडी चढतो. तेव्हा माझ्या धर्मातली गोष्ट आपणांपुढे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

शुभवर्तमानात ‘शिष्य’ म्हणून जो शब्द येतो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. येशूचे पहिले शिष्य कोण होते? गालील सरोवरावरचे मासेमार. पेत्र आणि आंद्रिया पाण्यात जाळे टाकीत होते. याकोब आणि योहान बापाबरोबर होडीत बसून जाळी नीट करीत होते. हे चित्र दांड्याच्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. जाळे एकदा विणले म्हणजे काम संपले, असे कधी होते काय?

या पेत्राची पुढची गोष्ट मला फार आवडते. गुरू गेल्यावर तोच मंडळीचा पुढारी झाला. तरी समुद्रकाठच्या यापो गावी असता त्याला नवा धडा घ्यावा लागला. परजातीच्या माणसाच्या घरी जाणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. कर्नेल्य नावाच्या रोमी अंमलदाराकडून बोलावणे आले, तेव्हा कोणाही माणसाला अपवित्र म्हणू नये, हे त्याला कळले. आणि एवढे कळूनही पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने तो परजातीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष बोल लावला. एवढा मोठा शिष्य, पण एकच धडा त्याला दोनदा गिरवावा लागला!

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक शिष्या होऊन गेली. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातले मीठसुद्धा धुऊन घरात येई. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती पुढे पतीने, कवी नारायण वामन टिळकांनी, करून दिली. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहावयास आल्या. तरी पाणी निराळे, चूल निराळी. त्यांना कोणी घाई केली नाही. विचार करता करता त्यांना स्वतःलाच उमगले, की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. त्या दिवसापासून त्यांनी सोवळे सोडले, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

भगिनींनो, बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांची शाळा सुटली नाही. 1919 साली टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या, आणि विधवा. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले होते. पुढचे चौसष्ट अध्याय या बाईंनी रचले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. लग्नात ज्या मुलीला अक्षर येत नव्हते, तिचे पुस्तक आज मराठीचे भूषण आहे.

म्हणून मंडळाच्या वाचनवर्गात नाव घालताना कोणी म्हणते, ‘आता या वयात काय शिकायचे?’, तेव्हा मला लक्ष्मीबाईंची आठवण होते. पण अक्षरे हा सोपा धडा. अवघड धडा निराळाच आहे. पेत्राला तो पंगतीत मिळाला, लक्ष्मीबाईंना पाण्याच्या घागरीपाशी. आपला कोठे आहे?

मला वाटते, तो हळदीकुंकवाच्या तबकापाशी आहे. मी नऊ वर्षांपूर्वी विधवा झाले. आमच्यात कुंकवाची रीत नाही, म्हणून मला त्याचे दुःख निराळे झाले नाही. परंतु ज्या भगिनींचे धनी समुद्रावरून परत आले नाहीत, त्या संक्रांतीला दाराच्या बाहेरूनच वळतात, हे मी पाहते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ज्यांनी मुले वाढवली, त्यांच्याहून मोठी सवाष्ण कोण? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभा भरवून विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका खेड्याला जे शिकता आले, ते दांड्याला का येऊ नये?

मी आपणांस धर्म सांगत नाही. आपापल्या देवाला स्मरूनच हे करता येईल. येत्या संक्रांतीचे बोलावणे घरोघर जाईल, तेव्हा कोणतेही दार वगळू नका, एवढेच माझे मागणे आहे.