केसांत काय आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. धर्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. परंतु माझ्या तोंडून एकदा एक वाक्य गेले आणि ते माझे मलाच लागून राहिले. त्याविषयी चार शब्द सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या शेजारी एक शीख कुटुंब भाड्याने राहते. बाई मोठी मनमिळाऊ. ती मला ‘दीदी’ म्हणते, मी तिला ‘बहेनजी’ म्हणते. दोन वर्षांमागे तिचा थोरला मुलगा, वय एकोणीस, नोकरीच्या गावाहून केस कापून घरी आला. बहेनजी दोन दिवस जेवली नाही. मी समजूत घालावयास गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, “केसांत काय आहे? पुन्हा वाढतील.” तिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि ती आत निघून गेली. पुढे महिनाभर आमची साखरेच्या वाटीची देवघेवसुद्धा बंद होती.

खरे म्हणजे महाराष्ट्रातल्या बाईने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडे नवरा गेला की कित्येक घरांत बाईचे केस बळजबरीने काढीत. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून त्यांनी संप केला. केसांत काही नसते, तर त्या गरीब माणसांनी आपली मजुरी का सोडली असती? हिंदू घरांत बाळाचे जावळ काढणे हा संस्कार; शिखांकडे केसांना हत्यार न लावणे हा संस्कार. एवढे मला त्या दिवशी सुचले नाही.

मग मी बहेनजीची माफी मागितली, तिच्याबरोबर गुरुद्वारात गेले आणि विचारून घेतले.

१६९९ सालच्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी हाती तलवार घेऊन भर सभेत एक शीर मागितले, अशी कथा सांगतात. एकामागून एक पाचजण उठले. लाहोरचा एक, हस्तिनापूरचा एक, जगन्नाथपुरीचा, द्वारकेचा, आणि पाचवा साहिबचंद हा बिदरचा. बिदर म्हणजे आपल्या उदगीरला लागून. तिथे आजही मराठी बोलणारी घरे आहेत. हा साहिबचंद जातीने न्हावी होता, असे परंपरा सांगते. ज्याच्या घरचा धंदा वस्तऱ्याचा, त्याने जन्मभर केस राखण्याचे व्रत घेतले! मला तर ही गोष्ट ऐकून त्या मुंबईच्या न्हाव्यांचीच आठवण झाली.

त्या पाचांना अमृत दिले. अमृत म्हणजे लोखंडी भांड्यातले पाणी. त्यात बत्तासे घालतात आणि बाणी म्हणत ते दुधारी खंड्याने ढवळतात. पहिल्या वेळी बत्तासे गुरूंच्या घरातल्या स्त्रीने घातले, असे मानतात. आपण बायकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते ओंजळीतून पाच वेळा प्यावयाचे. डोळ्यांवर आणि केसांवरही पाच पाच वेळा शिंपडतात. पुरुष ‘सिंग’ होतो, बाई ‘कौर’ होते. नंतर गुरूंनी स्वतःच त्या पाचांपुढे ओंजळ धरली आणि त्यांच्या हातून अमृत घेतले. गुरूने शिष्यांकडून दीक्षा घ्यावी, हे मी दुसरीकडे ऐकले नव्हते.

आमच्या डोंगरीच्या ख्रिस्ती घरांत मूल तान्हे असतानाच बाप्तिस्मा होतो, त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता वचन देतात. अमृत मात्र ज्याला कळते त्यानेच मागावयाचे. त्यानंतर केस, कंगवा, कडे, कृपाण, कच्छा हे पाच ‘क’ सांभाळावयाचे, आणि तंबाखूला शिवावयाचे नाही.

मग शीख कोण? शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली मान्य केलेल्या रहत मर्यादेत म्हटले आहे की, जो एका अकाल पुरुषाला, दहा गुरूंना, गुरू ग्रंथसाहिबाला आणि दहाव्या गुरूंच्या अमृताला मानतो आणि दुसरा धर्म मानीत नाही, तो शीख. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यातल्या प्रतिज्ञेत तर केसांचा उल्लेखही नाही. परंतु २००९ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने केस न कापणे हे शीख धर्माचे मूळ अंग ठरवले. तो खटला एका मुलीचा होता. तिने भुवया कोरल्या म्हणून तिला शीख जागेवर वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. आपल्यापैकी किती जणी आज भुवया कोरून आल्या आहेत, ते मी विचारीत नाही! निकाल मला कठोर वाटतो, हे बहेनजीसमोरही मी बोलले. ती म्हणाली, नियम तोच, पण पोरीचे वर्ष जायला नको होते.

आणि आपले नामदेव? त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नामदेव खालशाच्या कितीतरी आधीचे, त्यांनी अमृत घेतले नव्हते. तरी प्रत्येक शीख त्या ग्रंथापुढे माथा टेकतो तेव्हा त्यांच्या शब्दांपुढेही टेकतो. १७०८ साली आपल्या नांदेडलाच दहाव्या गुरूंनी या ग्रंथाला गुरुपद दिले.

बहेनजीने ग्रंथींना विचारलेच, “माझा मुलगा शीख राहिला का?” ते म्हणाले, त्याने अजून अमृत घेतलेले नाही, म्हणजे घेतलेले वचन मोडले असे होत नाही. घेऊन मोडले असते तर तो पतित ठरता. पण त्यालाही पाच प्याऱ्यांपुढे चूक कबूल करून पुन्हा अमृत घेता येते. बहेनजी तिथेच रडली. मलाही आवरले नाही.

मुलगा आता सुट्टीला येतो तेव्हा डोक्याला रुमाल बांधून आईबरोबर लंगरात भांडी घासतो. केस अजून आखूडच आहेत. त्याचा लाकडी कंगवा बहेनजीने आरशापाशी तसाच ठेवला आहे. मी त्याविषयी काही बोलत नाही.