उणेपणाचे सामर्थ्य



‘मराठीतून शिकलेल्या मुलाला पुढचे विज्ञान झेपेल का?’ हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर आज उच्च रसायनशास्त्रातला एक विषय मांडूनच द्यावे, असे मी ठरवले.

आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारा पदार्थ, असे आपण वर्गात शिकवतो. १९२३ साली गिल्बर्ट लुईस यांनी ही व्याख्या व्यापक केली : इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो, तोही आम्लच. आता कार्बन पाहा. त्याला एरवी चार बंध असतात; कार्बोकॅटायनमध्ये मात्र तीनच बंध, सहाच बाह्य इलेक्ट्रॉन आणि धन प्रभार. म्हणजे तोही लुईस आम्ल ठरतो.

१९०१ साली ट्रायफिनाइल मेथॅनॉल हा रंगहीन पदार्थ संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळताच गडद पिवळा रंग उमटला. तो ट्रायटिल या कार्बोकॅटायनचा होता. बहुतेक कार्बोकॅटायन मात्र क्षणजीवी. जॉर्ज ओला यांनी महाआम्लांत त्यांना दीर्घकाळ टिकवून अभ्यासले आणि १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. १९८० च्या दशकात जपानच्या तेरुआकी मुकाइयामा यांनी ट्रायटिलचे क्षार उत्प्रेरक म्हणून वापरले.

असा आयन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉनांची जोडी घेतो. त्यामुळे शेजारच्या कार्बनवर इलेक्ट्रॉनांची उणीव भासते आणि दुसरा रेणू त्याच्याशी सहज बंध जोडतो. अभिक्रियेअंती आयन पुन्हा मोकळा! एरवी धातूंच्या संयुगांकडून करून घ्यायचे काम येथे कार्बन करतो.

तोंड आले की लावायचे जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, याच कुळातले. त्यातील नायट्रोजनयुक्त गट मध्यवर्ती कार्बनची उणीव बरीचशी भागवतात. म्हणून ते पाण्यातही टिकते, पण आम्ल म्हणून दुबळे ठरते. फार तृप्त आयन काम करत नाही, फार अतृप्त आयन टिकत नाही. बाजूचे गट बदलून हा तोल साधणे, हेच रसायनतज्ज्ञांचे कौशल्य.

पालकहो, आयन, बंध, प्रभार, उत्प्रेरक हे शब्द आपली मुले माध्यमिक वर्गांतच शिकतात. इंग्रजी संज्ञा त्यांना पुढे शिकाव्या लागतीलच. परंतु समजलेल्या कल्पनेला नवे नाव देणे अवघड नसते. माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती : आपले संशोधन, आपला व्यवसाय वर्षातून एक तास तरी या वर्गांत येऊन मराठीतून सांगा. शाळेला हीरक महोत्सवाची याहून मोठी भेट नाही.