कोवळ्या वयातील मातृत्व

(सातारा-सांगली परिसरातील माता-पालक मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला, हे येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. म्हणजे कृष्णाकाठचे हे दोन जिल्हे एकाच घरातले. याच भूमीत, नायगावला सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि देवराष्ट्र्याला रमाबाई रानडे. सावित्रीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला, रमाबाईंचा अकराव्या. दोघींना पतीने शिकविले, म्हणून त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु त्याच वयात ज्यांची लग्ने झाली आणि ज्या पहिल्याच बाळंतपणात गेल्या, त्यांच्या आठवणी लिहावयास कोणी उरले नाही. ‘पूर्वी नव्हती का होत लहान वयात लग्ने?’ असे विचारणाऱ्या आजीबाईंना मी एवढेच सांगते.

कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १९२९ मध्ये चौदा ठरविले, १९७८ मध्ये अठरा केले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला आढळला. पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींपैकी सात-आठ जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बीडमध्ये बालविवाहाचे हेच प्रमाण ४३.७ टक्के होते. ‘ते मराठवाड्यातले,’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. त्याच बीडमधील कुटुंबे दर हंगामात आपल्या कारखान्यांचा ऊस तोडावयास येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर मिळते. मग पोरीला गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही प्रश्न असतो. आपल्या साखरेत त्या पोरीचे श्रम आहेत.

आता वैद्यकाचे बोलते. पाळी सुरू झाली म्हणजे शरीर मातृत्वास सिद्ध झाले, हा समज चुकीचा आहे. त्यानंतरही काही वर्षे उंची आणि कटिभाग वाढत असतो. वाट अरुंद राहिली तर प्रसूती अडते. आपल्याकडील निम्म्याहून अधिक किशोरींना रक्तक्षय आहे. अशा मुलीला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका विशीतल्या मातेपेक्षा तिला जास्त असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होते. आणि शाळा सुटते, ती बहुधा कायमची.

मात्र हा प्रश्न केवळ टोळीवरचा नाही. तो आपल्या सोसायट्यांतही आहे, फक्त दार लावून घेतलेला. अविवाहित मुलीला दिवस गेले की ती घाबरून लपविते. आईच्या ध्यानात येते तेव्हा चार-पाच महिने उलटलेले असतात. मग ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने परगावी, कोणा अर्धवट वैदूकडे नेले जाते, किंवा घाईने लग्न उरकले जाते. जिवावर बेतते ते येथे. २०२१ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलीचा गर्भपात, पालकाच्या लेखी संमतीने आणि दोन डॉक्टरांच्या मताने, चोविसाव्या आठवड्यापर्यंत कायदेशीरपणे होऊ शकतो. वीस आठवड्यांच्या आत एका डॉक्टरांचे मत पुरते. लपविण्यात गेलेला प्रत्येक आठवडा या मुदतीतून वजा होतो.

पोलिसांची भीती मी समजू शकते. पोक्सो कायद्याने डॉक्टरांना कळवावेच लागते, त्यातून आमचीही सुटका नाही. परंतु मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. आणि ‘लग्न लावले म्हणजे मिटले’ असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर पतीही कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही. २०१७ च्या निकालाने हे ठरले.

याच मातीतल्या सावित्रीबाईंनी जोतिबांसह १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे. आलेल्या स्त्रीची आधी सुटका, झाडाझडती नव्हे, अशी ती रीत होती. दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्या घरात आधी झाडाझडती होते, कधी मारहाण. मुलाला मात्र कोणी काही विचारीत नाही, हेही नमूद करते.

कोठे बालविवाह ठरत असल्याचे कळले तर १०९८ वर सांगा. गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. शक्य तर त्या घरी स्वतः जा. आणि घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीशी, मुलाशीही, शरीराविषयी बोला. मागे एका सभेत एका मातेने मला विचारले, “ताई, बोलायला सुरुवात कशी करू? जीभच रेटत नाही.” मी म्हटले, तिची पाळी चुकली का, एवढे दर महिन्याला सहज विचारा. तेवढ्याने सुरुवात होते.